घरी केलेला पिक कुलपात वाकतो, चुकतंय कुठं?

किल्ली_हरवली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

दिवाळीच्या आवराआवरीत मामाच्या माळ्यावर एक पोतं सापडलं. आत सतरा कुलपं. मामाचं दुकान शाहूपुरी कुंभार गल्लीजवळ होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं. ओसरल्यावर जे धुऊन ठेवण्याजोगं होतं ते पोत्यात भरून माळ्यावर गेलं, त्यातली ही कुलपं. किल्ल्या तीनच. मामा म्हणाला भंगारात घाल. मी पोतं उचलून घरी आणलं आणि तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की तासभर ती किल्लीशिवाय उघडायला झटत बसतो. त्यासाठी लागतो पिक, म्हणजे किल्लीच्या भोकात घालून आतल्या पिना उचलायची बारीक सळई. कुणाचं काही उघडायचं नाही. कुणी कोडी सोडवतं, कुणी पतंगाला मांजा लावतं, मला हे लागलंय.

विकतची हत्यारं आणायची नाहीत असं ठरवलंय. घरात जे मिळेल त्यातून करायचं. आतापर्यंतचा पराक्रम असा:

पहिल्यांदा केसांचा काळा आकडा सरळ केला, टोकाचा प्लास्टिकचा थेंब काढला. दोन मिनिटांत त्याची जिलबी झाली. मग मोठी सेफ्टी पिन. ती आकड्यापेक्षा कडक निघाली, पण इतकी बारीक की आत काय लागतंय ते हाताला कळतच नाही. मग सायकलची तुटकी तार घेतली आणि आईच्या पाट्यावर ठेवून हातोडीनं चपटी केली. तार चपटी झाली, पाट्याचा टवका उडाला, त्यावर घरात आठवडाभर बोलणी बसली. तो विषय इथं नको.

शेवटी हॅक्सॉ ब्लेड. शेजारच्या काकांच्या ग्राइंडरवर घासून मस्त आकार काढला, टोकाला छोटी आकडी. घासताना टोक आधी निळं झालं, मग राखाडी. मला वाटलं दिसायला तर झकास आहे. कुलपात घालून वर उचललं तर टोक शेवग्याच्या शेंगेसारखं वाकलं. परत सरळ केलं, परत वाकलं. तिसऱ्यांदा आतच तुटलं. आता ते कुलूप किल्लीनंसुद्धा उघडत नाही, म्हणजे तीन किल्ल्यांतली एक वाया.

टेन्शन रेंच म्हणजे पिक चालवताना कुलपाचा गाभा पिळून धरायची पट्टी. तिच्या जागी छोटा ॲलन की वापरतोय. तो जाड आहे, किल्लीची अर्धी फट तोच खातो.

विचारायचं एवढंच: ब्लेडच चुकीचं घेतलं का? की आकार चुकला? की या छंदाला घरगुती हत्यारं चालतच नाहीत?


झणझणीत_कट

भावा, एक घण घे. पाच सेकंदात सतराच्या सतरा उघडतील. लॉकपिकिंगमधला हा आद्य कोल्हापुरी प्रकार. 😄

खरं सांगायचं तर तुझ्या पाट्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं पाट्याला हात लावला असता तर मला माळ्यावर ठेवलं असतं, पोत्यात.


किल्ली_हरवली

भावा नव्हे, ताई. कोल्हापूरची आहे म्हणून 'बसतो', 'करतो' लिहितो. पुण्यात हॉस्टेलवर होतो तेव्हा पण सगळ्या हसायच्या.


उद्यमनगर_बेंच4

ताई, तुमचा प्रश्न तीनदा वाचला. एकतीस वर्षं टूलरूममध्ये बेंच फिटर होतो, त्यातली बरीचशी शिवाजी उद्यमनगरात आणि शेवटची सहा शिरोलीत. कुलपांचा नाद निवृत्त झाल्यावर लागला, त्यामुळं कुलपातला शहाणा नाही, पण पोलादातलं बोलू शकतो. तुमची चूक आकारात नाही. पोलादाचं पाणी उतरवलंत तुम्ही, म्हणजे तापवून त्याचा कडकपणा घालवलात.

ब्लेड साधारण दोन जातीचं मिळतं. हायस्पीड स्टीलचं असतं ते तापून निळं झालं तरी कडक राहतं, पण वाकवलं तर बिस्किटासारखं कट्‌कन मोडतं. तुमचं वाकलं, म्हणजे ते कार्बन पोलादाचं लवचिक ब्लेड. पिकसाठी मला तेच आवडतं, कारण आत मोडण्यापेक्षा थोडं लवलेलं बरं. पण ते उष्णतेला नाजूक. घासताना पिवळसर दिसलं तर काळजी नाही. निळ्यापर्यंतसुद्धा फार बिघडत नाही, जुन्या घड्याळांच्या स्प्रिंगा निळ्याच असायच्या. निळ्याच्या पुढं जाऊन राखाडी झालं की संपलं. ते तुमच्या डोळ्यादेखत झालं आणि तुम्हाला झकास वाटलं! तिथंच थांबून तेवढं टोक कापून टाकलं असतं तर उरलेलं ब्लेड वाचलं असतं.

आता असं करा. नवीन ब्लेड घ्या, एक फुटी, अर्धा इंच रुंद. जाडी 0.63 मिमीच्या आसपास असते. मध्ये मोडलं की दोन पिक निघतात. वाईसमध्ये धरून, वर फडकं टाकून मोडा, तुकडा उडतो. डोळ्यावर गॉगल हवाच. मी एकदा नव्हता घातला, आणि डोळ्याचे डॉक्टर मला नावानं ओळखायला लागले.

पहिल्यांदा दात काढा. सगळे हे विसरतात. दात आलटून पालटून बाहेर झुकवलेले असतात, म्हणून त्या कडेला ब्लेड अंगापेक्षा रुंद असतं. दात नुसते बोथट केले तर तो फुगवटा राहतो आणि फटीत घासत जातो. दातांच्या खाली अजून मिलिमीटरभर जा.

आकार चौकटीच्या कागदावर काढा आणि कागद ब्लेडवर फेविकॉलनं चिकटवा. आत जाणारी दांडी 30 मिमी लांब, अडीच मिमी रुंद. टोकाची आकडी दांडीच्या वर फक्त दीड मिमी. नवीन माणूस आकडी हमखास मोठी काढतो, त्याला वाटतं जास्त उचलेल. ती आत जातानाच पुढच्या पिनांवर आपटते. ग्राइंडरवर दोन सेकंद, मग पाण्यात. बोटांनी उघडंच धरा, हातमोजा नको, म्हणजे बोटाला चटका बसला की कळतं पाण्यात घालायची वेळ झाली. ग्राइंडर नसेल तर कानशीनं करा, वेळ जाईल पण पाणी उतरणार नाही. माझा सगळ्यात चांगला पिक नुसत्या कानशीनं केलेला आहे, एका पावसाळी रविवारी. वीज नव्हती म्हणून!

शेवटी पॉलिश पेपर. 220, 400, मग 1000, आणि घासायचं लांबीच्या दिशेनं. आडवे ओरखडे ठेवले तर पिक तिथूनच मोडतो. जुन्या सुती पातळावर फिरवून बघा. धागा अडकला तर अजून खडबडीत आहे. पिक गुळगुळीत हवा तो दिसण्यासाठी नाही. आतली पिन किती हलली ते बोटाला कळायला हवं, आणि पिकच खरखरत असेल तर पिनेची खरखर वेगळी कशी ओळखणार?

आता खरं दुखणं. ताई, सगळे पिकवर मेहनत घेतात आणि टेन्शनच्या पट्टीला कायपण लावतात. तुमचा ॲलन की म्हणूनच फट खातोय. गॅरेजमध्ये जा, चारचाकीचा जुना वायपर मागा. जुन्या पद्धतीच्या वायपरच्या रबरात स्टेनलेसच्या दोन पट्ट्या असतात. गॅरेजवाला फेकूनच देतो, मागितल्यावर मात्र चेहरा बघतो. त्यातली 80 मिमी घ्या. टोकाचा सात-आठ मिमी भाग वाईसमध्ये धरून काटकोनात वाकवा, गार असतानाच आणि सावकाश. कोपरा धारदार नको, थोडी गोलाई ठेवा, नाहीतर तिथं चीर पडते. ही पट्टी फटीच्या कडेला बसते आणि पिकला जागा मोकळी मिळते.

जोर किती द्यायचा? दुधावरची साय बोटानं बाजूला सारतो तेवढाच. तुम्ही नक्कीच नट आवळल्यासारखा दिला असणार. टोक वाकलं त्याचं अर्धं कारण ते आहे. पट्टीवर जोर जास्त पडला की आतली पिन घट्ट आवळली जाते, मग ती उचलायला पिकवर जोर, मग पिक वाकतो. दोष पिकला लागतो.

हे असं का होतं तेही सांगतो, कारण ते कळलं की हात आपोआप हलका होतो. किल्ली जिथं जाते तो गोल गाभा आणि बाहेरची चौकट, या दोन्हींतून आरपार पाच-सहा भोकं पाडलेली असतात. प्रत्येकात दोन पिना एकावर एक आणि वर स्प्रिंग. किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे बरोबर गाभ्याच्या कडेला येतात आणि गाभा फिरतो. आता ती भोकं एका रेषेत दिसतात, पण ड्रिल शेवटी ड्रिल आहे. आम्ही जिग (ड्रिल जागेवर धरणारा साचा) लावून भोकं पाडायचो तरी 0.02-0.03 मिमीचा फरक राहायचाच. कुलपात तोच फरक तुमच्या उपयोगाचा. गाभा पिळल्यावर पाचही पिना एकदम अडकत नाहीत. एकच आधी अडकते. ती शोधायची, उचलायची, सांधा कडेला आला की गाभा अगदी किंचित सरकतो आणि ती पिन वर टेकून राहते. मग दुसरी अडकते. सगळा खेळ त्या किंचित सरकण्याचा आहे.

आणि म्हणूनच पुरातली कुलपं शिकायला घेऊ नका. त्यांच्या भोकात पंचगंगेचा गाळ वाळून बसलाय. पिन अडकली आहे की गंजून चिकटली आहे, हे मलासुद्धा कळणार नाही. नवीन साधं कुलपाचं सिलिंडर घ्या, दाराला बसवतात ते. मागची क्लिप काढा, किल्ली घालून थोडी फिरवा आणि गाभा त्याच जाडीच्या लाकडी दांड्यानं हळू मागं ढकला, म्हणजे स्प्रिंगा उडणार नाहीत. परातीत कापड घालून त्यावरच करा, तरी एखादी उडणारच. सगळ्या पिना काढून फक्त एक ठेवा. एका पिनेचं कुलूप उघडा. मग दोन. लाकडी दांडा मिळाला नाही तर इथंच माप टाका, ओळखीच्या लेथवर काढून घेतो.

तेल अजिबात नको. पेन्सिलीचं शिसं घासून पूड घाला. फाउंड्रीत साच्याला लावतात ते ग्राफाइट म्हणजे तेच की.

अजून एक. पोत्यातली सगळी कुलपं पिनांची आहेत का? किल्ली बघा. एका कडेला डोंगररांगेसारखे चढउतार असतील तर पिनांचं. टोकाशी चौकोनी पायऱ्या कापलेल्या असतील तर लिव्हरचं. ते वेगळं शास्त्र. त्यात प्रत्येक पत्ती नेमक्या उंचीला उचलावी लागते, कमी उचलली तरी अडतं आणि जास्त उचलली तरी अडतं. ही युक्ती रॉबर्ट बॅरननं इंग्लंडात 1778 ला काढली आणि आपल्या शटरांवर ती आजही लोंबकळते. त्यावर तुमची ही आकडी महिनाभर चालवलीत तरी फक्त फुसफुस ऐकू येईल.


काळा_कोट

उद्यमनगरकाकांनी हत्यारांचं सांगितलं, मी त्यांच्या दुसऱ्या बाजूचं सांगतो. छंद म्हणून आपल्या घरात आपल्या कुलपावर काय करायचं ते करा, त्यात गुन्हा नाही. पण ही हत्यारं पर्समध्ये टाकून रात्री रंकाळ्यावर फिरायला जाऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 122. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा, आणि कारण सबळ होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. रात्री अकरा वाजता नाक्यावरच्या हवालदाराला 'हा माझा छंद आहे' हे पटवून देताना काय होईल त्याची कल्पना करा. तुम्ही त्याला बॅरन आणि 1778 सांगाल, तो तुम्हाला बसा म्हणेल.

या छंदातली जगभर पाळली जाणारी दोन पथ्यंही पाळा. कुलूप आपलं असावं किंवा मालकानं हो म्हटलेलं असावं. आणि जे कुलूप दारावर रोज वापरात आहे त्याला हात लावू नये, मग ते आपलंच दार का असेना. पिन बिघडली तर रात्री पायरीवर बसायची वेळ येते. (हे अनुभवाचे बोल नाहीत. अशिलाच्या अनुभवाचे आहेत.)


झणझणीत_कट

कोटसाहेब, अशील म्हणजे तुम्हीच ना?


किल्ली_हरवली

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. काका, सांगितलं ते सगळं केलं. सगळं म्हणजे जवळजवळ.

लक्ष्मीपुरीतून ब्लेड आणलं. दुकानदारानं विचारलं काय कापायचंय, मी म्हटलं काही कापायचं नाही, घासायचंय. त्यानं दोनदा बघितलं. वायपर मात्र लगेच मिळाला. गॅरेजमधल्या पोरानं तीन दिले, वर 'मॅडम, नवीन बसवू का?' हेही विचारलं. गाडी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

ग्राइंडरवर गेलो नाही. भीती बसली होती. कानशीनंच केलं, पाच संध्याकाळी लागल्या. पातळाची परीक्षा दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा धागा अडकला नाही. पिकच्या मागं धरायला जुन्या चार्जरची वायर सोलून तिचं रबर चढवलं.

सिलिंडर उघडताना सांगितल्याप्रमाणं परात घेतली, कापड घातलं, आणि सांगितल्याप्रमाणं एक स्प्रिंग उडाली. ती अजून मिळाली नाही. भाऊ म्हणतो आमटीत आली तर बघू.

एका पिनेचं कुलूप पहिल्याच दिवशी उघडलं. गाभा असा सहज फिरला की मला वाटलं मोडलं. दोन पिनांना एक संध्याकाळ. तीनला मात्र अडकलो, चार दिवस. मग परवा रात्री भांडी झाल्यावर बसलो होतो, दिवा लावला नव्हता, बाहेर पाऊस होता. पट्टीवर फक्त अंगठ्याच्या नखाचा भार ठेवला. मागची पिन उचलली, काही नाही. मधली उचलली, ती कडक लागली. आणखी केसभर उचलली आणि पट्टी अंगठ्याखाली सरकली. आवाज म्हणावा असा आलाच नाही, तांदळाचा दाणा दाताखाली तुटतो ना, तेवढंच. मग पुढची पिन कडक झाली, जी आधी ढिली होती. तेव्हा तुमचं ते 'मग दुसरी अडकते' कळलं. वाचून नव्हतं कळलं. तिसरी गेली आणि गाभा फिरला. आईला हाक मारली, ती आली, बघितलं आणि म्हणाली, 'किल्ली लावून एवढा वेळ लागतो व्हय?'

लगेच परत लावलं आणि परत प्रयत्न केला. झालं नाही. अजून झालेलं नाही. हे असंच असतं का?

दुसरं म्हणजे गल्लीत बातमी पसरली. समोरच्या काकू आल्या, म्हणाल्या कपाटाची किल्ली हरवलीय, तू उघडून दे. कोटसाहेबांचं आठवलं, नाही म्हटलं. कपाट त्यांचंच आहे, मालकीण हो म्हणतेय, पण ते रोजच्या वापरातलं आणि माझा हात तीन पिनांचा. किल्लीवाल्याचा नंबर दिला. काकू रागावल्या आहेत.


उद्यमनगर_बेंच4

असंच असतं. पहिलं उघडणं अर्धं नशिबाचं, दुसरं तुमचं. 1851 ला लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ब्रामा या इंग्रज कुलूपवाल्याचं कुलूप उघडलं. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं पैज लावून टांगलेलं, उघडणाऱ्याला 200 गिनी. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले, आणि हत्यारं त्यानं त्याच कुलपासाठी खास केलेली. तुम्हाला तीन पिनांना चार दिवस लागले तर फार नाही झाले.

काकूंना नाही म्हटलंत ते योग्य. राग जाईल.

चौथी पिन घालायची घाई नको. तीनवरच राहा, पण पिनांच्या जागा बदला, म्हणजे क्रम पाठ होणार नाही. आणि हात बदलून बघा. माझ्या अनुभवात पट्टी धरणारा हात पिक धरणाऱ्यापेक्षा हुशार लागतो.

मामांच्या कुलपांचं काय झालं? आणि त्या लिव्हरच्या?


किल्ली_हरवली

बघितलं. सतरातली अकरा लिव्हरची निघाली, पायऱ्यांच्या किल्लीची. म्हणजे महिनाभर फुसफुसच ऐकत होतो.

पिनांची सहा आहेत. त्यातल्या एकात माझंच तुटलेलं टोक, ते उलटं करून टेबलावर आपटत होतो, शेवटी चुंबकानं निघालं. किल्ली परत लागते! बाकी पाच रॉकेलमध्ये बुडवून ठेवलीत, गाळ सुटतोय, तळाला चांगला बोटभर चिखल बसलाय. सुटली तर मामाला किल्लीशिवाय उघडून दाखवीन म्हणतो.

फक्त आईनं बरणी ओळखली. लोणच्याची होती.